अंगठ्याचा हिशेब आणि गोणीचा हिशेब

(पहूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रास्त भाव दुकानांत ई-पॉस यंत्रे आली, तेव्हा धान्याचा काळाबाजार आता थांबेल असे सांगण्यात आले. यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. 1972 साली स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने, मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली, साठेबाजीला जाब विचारला होता. हिशेब उघडा असावा, ही आपलीच जुनी मागणी आहे. प्रश्न एवढाच की, यंत्र हिशेब कोणाचा ठेवते?

अन्न महामंडळाचे गोदाम, तालुक्याचे शासकीय गोदाम, दुकान आणि शेवटी शिधापत्रिकाधारकाची पिशवी, अशी धान्याची वाट आहे. अंगठा लागतो तो फक्त शेवटच्या टप्प्यावर. आधीच्या टप्प्यांवर गोणी मोजल्या आणि वजन केलेच नाही, तर काय होते? पन्नास किलोच्या गोणीत एकच किलो कमी भरला, तर शंभर गोणींमागे क्विंटलभर धान्य कमी पडते. म्हणजे दरडोई पाच किलोच्या हिशेबाने वीस माणसांचा महिन्याचा घास. कागदावर मात्र उचल पूर्ण असते. दुकानदार ही तूट स्वतः सोसत नाही. ती गरिबाच्या मापात उतरते, आणि अंगठा तर पूर्ण मापावर उमटलेला असतो!

झारखंडचा अनुभव येथे विचारात घेतला पाहिजे. तेथे झालेल्या अभ्यासात असे दिसले की, केवळ अंगठा घेतल्याने गळती घटली नाही. 2017 साली यंत्रातील शिल्लक वजा करून दुकानांना पुढील धान्य देणे सुरू झाले. त्यानंतर गळती घटली. पण लोकांच्या पदरी पडणारे धान्यही घटले. कागदावरची जुनी शिल्लक दुकानात प्रत्यक्ष नव्हती. तिची वजावट अखेर लोकांच्या वाट्यातून झाली. पूर्वीच्या चोरीचा दंड जिची चोरी झाली तिनेच भरावा, हा कोणता न्याय?

पहूरच्या परिसरात कापूस वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांच्या बाबतीत तर यंत्रच साक्ष फिरवू शकते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 24 नुसार दुकानाच्या दारापर्यंत धान्य पोचविणे ही राज्याची जबाबदारी आहे. तेव्हा दारात काट्यावर वजन व्हावे आणि तोच आकडा यंत्रात जावा. वजावट सुरू करण्यापूर्वी प्रत्यक्ष साठा मोजावा. तफावतीची वसुली जबाबदारांकडून व्हावी, लोकांच्या वाट्यातून नव्हे. अंगठा जुळला नाही तरी नोंदवहीवर धान्य मिळावे. कलम 28 मधील सामाजिक अंकेक्षण आणि कलम 29 मधील दक्षता समित्या कागदावर राहू नयेत. ग्रामसभेत दरमहा आवक आणि वाटप यांचे आकडे मोठ्याने वाचले जावेत.

जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत मिळते. मोफत आहे म्हणून माप कोणी विचारू नये, ही समजूत गावोगाव खोडून काढणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. ते धान्य दान नव्हे, हक्क आहे. आणि हक्काचे माप पूर्णच असले पाहिजे.