शाळेत गुणी, घरी हैराण



माझ्या मुलीला ऑटिझम आहे. वर्गात ती मैत्रिणींचं पाहून हसायची, वही पूर्ण ठेवायची. घरी आली की दप्तर टाकून तासभर रडायची. शाळा म्हणे, "इथे तर काहीच त्रास नाही." आम्ही महिनाभर रोज लिहून ठेवलं: कोणते तास झाले, गोंगाट किती होता, घरी काय घडलं. वर्गशिक्षिकांनी ती वही वाचली आणि मधल्या सुट्टीत तिला ग्रंथालयात बसायची मुभा मिळाली. रडणं कमी झालं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. अशी सोय देणं मान्यताप्राप्त शाळेचं कर्तव्यच आहे.

आपल्यातले काहीजण आज शिक्षक आहेत. गुणी, गप्प मुलाच्या पालकांना एकदा विचारा, "घरी आल्यावर कसं असतं?"