दुखत नाही, म्हणूनच दाखवा

(मुंबईत नायगाव येथे बायकांच्या बैठकीत एका बाईंनी केलेले हे भाषण आहे. त्या बोलल्या तसेच, थोडे आवरून, इथे दिले आहे.)



आज इथे नायगावातल्या बाया आल्या आहेत. काही जणी गावाकडून आलेल्या आहेत. कुणाची नणंद, कुणाची मावशी इथे नातेवाइकांकडे उतरली आहे आणि परळच्या टाटा रुग्णालयात औषधपाणी घेते आहे. तुम्हा सगळ्यांना मी माझी हकिकत सांगणार आहे.

मला छातीचा कर्करोग झाला होता. कर्करोग म्हणजे आपण ज्याला कॅन्सर म्हणतो तो. ही गोष्ट 2011 सालची. तेव्हा मी 46 वर्षांची होते. आज मी साठी गाठली आहे आणि तुमच्यापुढे उभी राहून बोलते आहे. कॅन्सर झाला म्हणजे माणूस संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्याकडे नीट बघावे.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी न्हाणीत डोक्यावरून पाणी घेत होते. अंगाला साबण लावताना डाव्या छातीत हाताला काहीतरी लागले. वाटाण्याएवढे कडक. दाबले तरी दुखेना. मी मनात म्हटले, दुखत नाही ना, मग असू दे.

घरात लेकीचे लग्न ठरले होते. वैशाखातला मुहूर्त होता. मालकांची गिरणी कधीच बंद पडली होती. ते एका इमारतीवर वॉचमन होते. मी खानावळीसाठी पोळ्या लाटून देत होते. लग्नाचा खर्च डोळ्यांपुढे होता. आणि खरे सांगू का, भीती वेगळीच होती. आईला असला रोग आहे हे कळले, तर सोयरीक मोडेल. म्हणून मी तोंड मिटून बसले. मालकांना सांगितले नाही. लेकीला सांगितले नाही. छातीचे दुखणे, ते कुणापुढे कसे काढावे?

शेवटी कुणीतरी सांगितले म्हणून गुपचूप एका माणसाकडून लेप आणला. गाठ विरघळेल, असे तो म्हणाला. दीड महिना लेप लावला. कातडी भाजल्यासारखी झाली आणि गाठ लिंबाएवढी झाली.

आमच्या चाळीत एक आत्या होत्या. दवाखान्यात आया म्हणून त्यांनी जन्म काढला होता. चैत्रात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हात वर करताना मी सारखी थांबते, हे त्यांनी पाहिले. मला घरात बोलावले, दार लावले आणि विचारले, “काय गं, काखेत काय आहे?”

मला रडू कोसळले. मी म्हटले, “आत्या, पण ते दुखत नाही हो.”

आत्या म्हणाल्या, “अगं वेडे, दुखत नाही म्हणूनच दाखवायचं. दुखलं असतं तर तू पहिल्याच दिवशी धावली असतीस.”

बायांनो, माझ्या घरापासून टाटा रुग्णालय चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. तेवढ्या वाटेला मला चार महिने लागले.

आता हा रोग म्हणजे काय ते सांगते. आपले अंग बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात. सगळे शिस्तीत चालते. कधीकधी काही पेशी शिस्त सोडतात आणि शेतातल्या तणासारख्या वाढत सुटतात. त्यांची गाठ होते. तण वेळीच काढले तर पीक हाती लागते. राहू दिले तर ते सगळ्या रानात पसरते. तशी ही गाठ आधी काखेत पसरते. पुढे हाडांत, फुप्फुसात, यकृतात जाते.

हा रोग कुणाच्या नजरेने होत नाही. शापाने किंवा पापाने होत नाही. पोराला अंगावर पाजल्याने होत नाही. उलट पाजणे चांगलेच. आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. माझ्या दुखण्यात एका शेजारणीने मला वेगळ्या कपात चहा दिला होता. तिचा राग नाही. तिला ठाऊक नव्हते.

आत्यांनी त्याच दिवशी मालकांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर आले.

तिथली गर्दी पाहून मी घाबरले. बंगालची माणसे, बिहारची, आसामची, आपल्या मराठवाड्याची, खानदेशाची. कुणी फुटपाथवर पथारी टाकलेली. हा दवाखाना 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाला. त्याच्यामागेही एका बाईचेच दुखणे आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. घरी पैशाला तोटा नव्हता. त्यांच्यावर विलायतेत उपचार चालले होते, तरी 1931 साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. मग त्यांच्या नावाच्या निधीतून परळला हा दवाखाना उभा राहिला. 1962 सालापासून तो भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. टाटांच्या घरी पैसा होता, पण त्या काळी औषध नव्हते. आज औषध आहे. मग आपण लाजेपायी घरी बसायचे का?

डॉक्टरांनी हाताने तपासले. छातीचा खास एक्स-रे काढला. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. तुकडा काढला की रोग पसरतो, असे लोक म्हणतात. ते खोटे आहे. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली आहे ते कळत नाही. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. माझी निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठ लहान असती, तर नुसती गाठ काढून छाती ठेवता आली असती. आता सगळं काढावं लागेल.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण माझे ते चार महिने माझ्यापुढे उभे राहिले.

आता लग्नाचे काय? मालक सरळ व्याह्यांच्या घरी गेले आणि सगळे सांगून मोकळे झाले. मी घरी देव पाण्यात ठेवून बसले होते. व्याही म्हणाले, “आधी विहीणबाईंचं औषधपाणी. मुहूर्त काय, पुढेही निघतो.” लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागले. माझ्या डोक्यावर तेव्हा एक केस नव्हता. मी पदर घेऊन बसले आणि अक्षता टाकल्या. सासरी जाताना लेक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “आई, तू मला एकदा विचारायचं होतंस. मी लग्न पुढे ढकललं असतं.” त्यावर मला उत्तर देता आले नाही.

उपचार कसा असतो तेही ऐका, म्हणजे भीती कमी होईल. माझी गाठ मोठी, म्हणून आधी औषधाच्या सलाईनी दिल्या. 21 दिवसांनी एक, अशा काही आधी आणि काही ऑपरेशननंतर मिळून 8 झाल्या. ओकाऱ्या झाल्या. तोंड आले. केस गेले. ते परत आले, आणि आधीपेक्षा कुरळे आले! मग 5 आठवडे शेक घेतला. आठवड्यातून 5 दिवस. शेक म्हणजे यंत्रातून निघणारे किरण. देताना काही कळत नाही, पुढे कातडी काळी पडते. मी चालत जायची आणि चालत यायची. माझी गाठ गोळीला मानणाऱ्या जातीची होती, म्हणून पुढे 5 वर्षे रोज एक गोळी घेतली. सगळ्यांना हेच औषध असते असे नाही. ज्याची त्याची गाठ बघून डॉक्टर ठरवतात.

पैसा कुठून आला? थोडा होता. थोडा चाळीच्या गणपती मंडळाने वर्गणी काढून दिला. मी जनरल वॉर्डात होते. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा उपचार बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे आणि योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो त्याला विचारावे. उपचाराला जाताना रेल्वेत रोग्याला आणि सोबतच्या माणसाला सवलत मिळते. मुंबईत ओळख नसेल तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटाला आलेली माणसे तिथे उतरतात. आणि प्रत्येकाने मुंबईलाच यावे असेही नाही. बार्शीला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरलाही कर्करोगाची रुग्णालये आहेत.

ऑपरेशननंतरचे आता सांगते. हे कुणी सांगत नाही. पट्टी सुटली त्या दिवशी मी आरशात पाहिले नाही. महिनाभर पाहिले नाही. पुरुषांनो, त्या दिवसांत मालकांनी एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी ते माझा डावा हात धरून मला भिंतीपाशी उभे करीत. बोटांनी भिंतीवर चढायचे, हा दवाखान्याने शिकवलेला व्यायाम. हात पोचेल तिथे ते पेन्सिलने खूण करीत. उद्याची खूण आजच्यापेक्षा वर पाहिजे! दोन महिन्यांत हात डोक्यावर गेला. घर रंगवताना त्या खुणा मी पुसू दिल्या नाहीत.

झंपर एका बाजूला रिकामा दिसे. मी कापसाची गादी शिवली. ती हलकी, म्हणून वर सरकायची. मग तिच्यात मूठभर मोहरी घातली. तेव्हा ती बसली.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येते. ती आजही येते. म्हणून त्या हाताला मी भाजू-कापू देत नाही. जड हंडा त्या हाताने उचलत नाही. पोळ्या मात्र पुन्हा लाटू लागले. आधी दहा, मग वीस.

तपासणीला अजून वर्षातून एकदा जाते. आदल्या रात्री झोप लागत नाही. ही भीती माझ्याबरोबर राहणार. भीती वाटते म्हणून जायचे मी चुकवीत नाही, एवढेच.

माझ्या शेजारच्या खाटेवर गावाकडची एक बाई होती. माझ्याच वयाची. तिने दोन वर्षे लपवले होते. जखम वाहू लागली तेव्हा घरच्यांना वास आला. ती मला म्हणाली, “मला वाटलं, घरच्यांचा पैसा वाचेल.” पुढच्या तपासणीला मी तिला शोधले. ती आली नव्हती. पुढेही कधी दिसली नाही.

वेळीच तपासले तर काय होते, याचा पुरावाही आहे. 1998 सालापासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. त्या 35 ते 64 वर्षांच्या होत्या. त्यांतल्या निम्म्या भागातल्या बायांची छाती दर 2 वर्षांनी हाताने तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. यंत्र नव्हते. निकाल 2021 साली छापून आला. 50 वर्षांच्या आणि त्यापुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जिथे 10 जणी गेल्या असत्या, तिथे 3 वाचल्या. लहान वयाच्या बायांत तेवढा फरक दिसला नाही. पण गाठ लागली तर कोणत्याही वयाच्या बाईने ती दाखवायलाच हवी.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा.

छातीत किंवा काखेत गाठ लागली, बोंड आत ओढले गेले, बोंडातून रक्त किंवा पाणी आले, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर दुखो वा न दुखो, डॉक्टरला दाखवावे.

लेप, मंत्र, गंडेदोरे यांत दिवस घालवू नयेत.

तिशीपुढच्या बायांनी गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन तपासून घ्यावे. आशाताईला विचारावे. 

आई, बहीण, मावशी यांना हा रोग झाला असेल, तर तेही सांगावे. माझी लेक तपासणी चुकवत नाही.

पुरुषांनी घरातल्या बाईला विचारावे. तिला तपासायला नेताना लाजू नये. क्वचित हा रोग पुरुषालाही होतो.

माझ्या आत्या आता नाहीत. त्या दिवशी दार लावून त्यांनी मला विचारले, म्हणून मी आज आहे. तुमच्यापैकी ज्यांना वाचता येते त्यांनी हे घरी वाचून दाखवावे. आणि एखादी बाई हात वर करताना थांबत असेल, तर दार लावून तिला विचारावे.