घोट्यातला स्क्रू आणि एक मिलिमीटर

ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, अंजनेरीचा उतार किंवा रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, पावसाळ्यात नाशिककरांचे पाय इथे हमखास घसरतात. बहुतेकांचा घोटा नुसता लचकतो. पण चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडावर, विशेषतः मागच्या कडेला, दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेली ही कसोटी आजही जगभर वापरतात. आधी चोळून घेऊ, मग बघू, असे कृपा करून करू नका. सूज चढायच्या आत पैंजण आणि जोडवी मात्र काढून ठेवा.

आता आजचा मुख्य विषय. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, ही दोन्ही घोट्याच्या वर चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. त्यांच्या पकडीत पावलाचे वरचे हाड, सुताराने खाचेत कूस बसवावी तसे, नेमके बसते. काही फ्रॅक्चरमध्ये हे पट्टे फाटतात आणि पकड रुंदावते. पावलाचे हाड बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटर जरी सरकले, तरी सांध्यातला स्पर्श सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, हे 1976 मध्येच प्रयोगाने दाखवले गेले आहे. मग शरीराचा सारा भार थोड्या जागेवर येतो आणि कूर्चा झिजू लागते.

म्हणून फिब्युला जागेवर आणून, त्यातून नडगीत आडवा स्क्रू घालतात. ऐकायला सोपे वाटते, पण फिब्युला नडगीच्या अगदी बाजूला नसते, थोडी मागे असते. त्यामुळे स्क्रू मागून पुढे तिरपा जावा लागतो. पुस्तकांत 25 ते 30 अंश लिहिलेले असते, प्रत्यक्षात हा कोन माणसागणिक बदलतो. सांध्याच्या साधारण दोन-तीन सेंटिमीटर वर, सांध्याला समांतर, अशी त्याची जागा असते. दिशा चुकली, तर स्क्रू आवळताना तोच फिब्युलाला पुढे किंवा मागे ओढतो. हाडे धरणारा चिमटा तिरका लागला तरी तेच होते.

हे साध्या एक्स-रेत नेहमी कळत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ऑपरेशन झालेल्या 25 जणांचा सीटी स्कॅन केला. 13 जणांच्या घोट्यात हाड नीट बसलेले नव्हते, आणि एक्स-रेच्या मापांनी दोष दिसला होता फक्त सहा जणांत. अनुभवी सर्जननेही नुसत्या अंदाजावर विसंबू नये, असे माझे ठाम मत या आकड्यांमुळे झाले आहे.

उपाय महागडाच असतो असे नाही. रुग्णाचा दुसरा, चांगला घोटा हेच त्याचे स्वतःचे माप आहे. ऑपरेशनच्या आधी सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर, त्याची समोरून आणि बाजूने चित्रे घ्यावीत आणि दुखावलेला घोटा त्यांच्याशी ताडून पाहावा. शंका राहिली, तर चीर थोडी वाढवून हाड डोळ्यांनी पाहावे. जिथे सोय आहे तिथे ऑपरेशन टेबलावरच किंवा नंतर लगेच दोन्ही घोट्यांचा सीटी करावा. दोष तेव्हाच सापडला तर सुधारणे सोपे जाते.

तुम्ही नातेवाईक असाल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: हाड जागेवर बसले हे कशावरून ठरवले? दुसऱ्या पायाशी तुलना केली का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत ऑपरेशन काही दिवस थांबवले, तर घाई करू नका, कारण ताणलेल्या कातडीवर जखम भरत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, तंबाखू आणि विडी बंद करा. खर्चाची काळजी असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

नंतरचा नेहमीचा प्रश्न म्हणजे स्क्रू काढायचा का? प्रत्येकाला काढावा लागत नाही. चालायला लागल्यावर तो सैल होतो, कधी मोडतोही. दुखत नसेल तर मोडलेल्या स्क्रूने सहसा नुकसान होत नाही. पण पायावर भार कधी द्यायचा, हे तुमच्या सर्जनकडूनच ठरवून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे सगळे एक्स-रे एका पिशवीत जपून ठेवा.