पगारातून कटतं ते कुठं जातं?



मागच्या बैठकीत आम्ही बचत गटाचे कर्जाचे अर्ज वाचत होतो. एकीनं तीन हजार मागितले होते. कारण लिहिलं होतं, ‘सासूबाईंच्या गोळ्या’. शुगर-बीपीच्या गोळ्यांना महिन्याला आठशे रुपये जायचे, मेडिकलवाल्याची उधारी साचलेली. नवरा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात. आम्ही म्हटलं, त्याच्या पगाराची चिठ्ठी आण बघू. चिठ्ठीत ‘ईएसआय’समोर 90 रुपये कापलेले. हे कशाचे? तर म्हणे, “सरकारी काहीतरी कटतं.”

ते ‘काहीतरी’ म्हणजे कामगार राज्य विमा योजना. मूळ कायदा 1948 चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल, तर हा विमा लागतो. शंभर रुपयांमागं कामगाराचे 75 पैसे, मालकाचे सव्वातीन रुपये. बारा हजारांवर आपले 90, मालकाचे 390. दवाखान्यात जा नाहीतर जाऊ नका, 480 रुपये दर महिन्याला भरले जातातच! त्यातून कामगाराला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना तपासणी आणि औषधं मिळतात. गोळ्यांचे वेगळे पैसे नाहीत. बाई कामाला असेल तर तिच्या विम्यावर नवऱ्यालाही मिळतात, हे आमच्यातल्या शिलाईवाल्यांनाही माहीत नव्हतं.

हिचं अडलं ते नावात. कामाला लागताना फॉर्म घाईत भरलेला, त्यात आईचं नावच नाही. आधार कार्ड आणि फोटो घेऊन नवरा कारखान्याच्या ऑफिसात दोनदा गेला, तेव्हा नाव चढलं. तुमच्या घरच्या कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत, ते आजच बघा. बाळ झालं असेल तर त्याचंही.

सोलापुरात होटगी रोडला कामगार विमा रुग्णालय आहे, शहरात दवाखानेही आहेत. आपलं कार्ड कुठल्या दवाखान्याला जोडलंय ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर हेलपाटा पडतो. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर ठेवा. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी दिवस मोडतो, हे खरं.

आणि सगळं सुरळीत होतं असंही नाही. सासूबाईंच्या तीन गोळ्यांपैकी एक पहिल्या खेपेला शिल्लक नव्हती. अशा वेळी गप घरी यायचं नाही. औषध नाही, हे चिठ्ठीवर लिहून मागायचं. बाहेरून घ्यावं लागलं तर पक्की पावती जपायची, खर्च परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. तोवर जनऔषधी दुकानात तीच गोळी कंपनीच्या नावाशिवाय स्वस्तात मिळते का, ते डॉक्टरांना विचारून बघायचं. गोळी मात्र बंद करायची नाही.

आमच्या मैत्रिणीला आम्ही कर्ज दिलं, पण उधारी फिटण्यापुरतंच, अकराशे रुपये. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली पगाराची चिठ्ठी आणायची ठरलंय. ज्यांना चिठ्ठीच मिळत नाही, त्यांची नावं आम्ही वेगळी लिहून घेणार आहोत.