ड्रायव्हर प्यालेला होता, तरी भरपाई मिळते



राळेगणसिद्धीमुळे पारनेर तालुक्याचं नाव दारूबंदीसाठी देशभर झालं. पण गावातलं दुकान बंद करता येतं, रस्ता बंद करता येत नाही. सुप्यावरून नगर-पुणे महामार्ग जातो, भाळवणी आणि टाकळी ढोकेश्वरवरून कल्याणचा. समोरून येणारा गाडीवाला कुठल्या ढाब्यावरून उठून आलाय, हे मोटारसायकलवरच्या माणसाला कुठून कळणार?

अपघात झाला, माणूस गेला, की दशक्रियेच्या आधीच घरी मध्यस्थ येतात. ‘ड्रायव्हर प्यालेला होता, विमा कंपनी दमडी देणार नाही. कोर्टात वर्षं जातील. लाख-दोन लाख घ्या नि मिटवून टाका.’ यातलं कोर्टाला वेळ लागतो, एवढंच खरं आहे.

प्यालेल्याला विमा मिळत नाही हे ऐकीव ज्ञान आलं कुठून? गाडीमालकाच्या स्वतःच्या नुकसानीवरून. 2007 साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे आदळली. चालकानं दारू घेतली होती, म्हणून गाडीची भरपाई द्यायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये म्हटलं. ते योग्यच झालं. पण त्या गाडीखाली येणाऱ्याचा हक्क वेगळा. दारूची अट ही कंपनी आणि मालक यांच्यातली. रस्त्यावरच्या माणसानं त्या कागदावर सही केलेली नसते. केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्ये हेच सांगितलं: कंपनीनं आधी पीडिताला पैसे द्यावेत, मग मालक-चालकाकडून वसूल करावेत. कंपनी दारूचा मुद्दा काढणारच, तेव्हा आपल्या वकिलानं हे ‘आधी द्या, मग वसूल करा’चं तत्त्व ठामपणे मांडायला हवं.

दुसरी भीती रक्ताच्या अहवालाची. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा. पण 19 मे 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. मग आपल्यासारख्यांचं काय, असं कुणालाही वाटेल. भरपाईच्या दाव्यात दारू सिद्ध करावीच लागते असं नाही. चालकाची हयगय दिसली की पुरे, आणि ती फिर्याद, स्थळपंचनामा, साक्षीदार यांतून दिसते. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला, तरी एवढ्यानं हा दावा बुडत नाही.

आता रक्कम कशी निघते ते पाहू. समजा, सुपा एमआयडीसीत महिना 15 हजारांवर कंत्राटी काम करणारा 32 वर्षांचा माणूस गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. पुढे पगार वाढला असता, म्हणून 40 टक्के मिळवायचे: 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. तो स्वतःवर खर्च करत असे तो चौथा हिस्सा वजा, उरले 1 लाख 89 हजार. या वयाला गुणक 16. झाले 30 लाख 24 हजार. जवळचं माणूस गेल्याबद्दलची आणि अंत्यविधीची रक्कम शिवाय. लाख-दोन लाखांवर अंगठा मागणाऱ्याला हा हिशेब नीट माहीत असतो.

शेतकरी गेला तर कंपनीचा वकील म्हणतो, जमीन तर जागेवरच आहे. न्यायालयही सगळं उत्पन्न बुडालं असं सहसा धरत नाही, कष्टाची आणि देखरेखीची किंमत धरतं. म्हणून सातबाऱ्याबरोबर दुधाच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवा. ट्रिपल सीट होते म्हणून भरपाई कापा, हाही नेहमीचा युक्तिवाद. तिघं बसल्यामुळेच अपघात घडला हे दाखवल्याशिवाय तो चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

दावा अहिल्यानगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला, तरी तुम्ही इथं राहता एवढं पुरतं. 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाखांची सरकारी योजना आहे.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती प्यालेल्या चालकाच्याच घरच्यांची. चूक त्याची, म्हणून दावा नाही. आणि मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघाती विम्यातही नशेचा अपवाद असतो. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्यालाही, पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर कंपनीकडून बहुधा काही मिळत नाही. ‘बस रे, सोडतो’ म्हणणाऱ्या मित्राची पॉलिसी कोण बघतं!

आणि गाडीला विमाच नसला तर? मग मालकानं द्यायचे. तो टाळाटाळ करू लागला, तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. तेव्हा मालकाच्या नावावर कुठं किती जमीन आहे, ते आधीच काढून वकिलाकडे देऊन ठेवा.