माणसाच्या मापाचे साधन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात कॅम्प-१ येथे केलेले भाषण)



पोलाद कारखान्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या फिटरने पोहण्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो. आमच्या शेजारच्या एका मुलाचा डावा हात जन्मतः कोपराखाली चार बोटेच आहे. पोहण्याची त्याला विलक्षण ओढ. इतर मुले सरावासाठी तळव्याला प्लास्टिकचे पॅडल लावतात; त्याचा पट्टा बोटांत अडकवावयाचा असतो. ज्याला बोटेच नाहीत, त्याने काय करावे? तो मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही करून द्याल?"

मी करून दिले आणि चुकलो. उणीव भरून काढावी म्हणून पंजासारखे लांबलचक पॅडल बनविले. दोन दिवसांत त्याचा खांदा दुखू लागला, कडेने कातडी सोलवटली. तरफेचा नियम मी जन्मभर वापरला. येथे मात्र विसरलो. पाण्याचा रोध खांद्यापासून जितका दूर, तितका खांद्यावरील भार अधिक. शिवाय वेग दुप्पट झाला की रोध सुमारे चौपट होतो.

मग प्लास्टरने हाताचा साचा घेतला. त्यावर बेतलेल्या खोळीला आतून मऊ रबरी अस्तर लावले, कडा गोल केल्या, पाणी निघून जाण्यास भोके ठेवली. पॅडल आखूड आणि लहान केले. सराव वाढेल तसे ते मोठे करावयाचे. पट्ट्याला रुंद कडी लावली, म्हणजे तो उजव्या हाताने वा दातांनीही ओढता येतो. अखेरची तपासणी मात्र माझ्या मोजपट्टीची नव्हे, त्या मुलाच्या शब्दाची!

दिव्यांगांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत कृत्रिम हात-पाय किंवा असे पॅडल चालत नाही. पाण्यात उतरतो तो जलतरणपटू स्वतःच्याच देहानिशी. ज्यांना दांडी धरता येत नाही, त्यांना उताण्या शर्यतीच्या प्रारंभी पट्टा दातांनी धरण्याची मुभा असते, इतकेच. म्हणून सरावाचे साधन हे गुरूसारखे असावे: बळ द्यावे आणि वेळ येताच बाजूला व्हावे.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या अपघातात दोन्ही हात कोपरांखालून गमावले. २०१६ साली ते रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. त्याआधी, १९७२ साली, युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले होते.

बंधुभगिनींनो, १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळात आपले वाडवडील मुलूख सोडून आले ते हातांतील कसबाच्या बळावर. ते कसब आज आपल्या घरांत निवृत्त होऊन बसले आहे. मंडळाने एक खोली आणि एक कामाचे टेबल द्यावे. हत्यारे आम्ही आणू. त्या मुलाचे पॅडल आता लहान पडू लागले आहे. पुढचे वेळेवर व्हावे, एवढीच माझी विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!