पानांच्या छापांतला देखावा

पानांच्या छापांतून देखावा करायला बसलो, तेव्हा मी प्रथम पानाच्या वरच्या गुळगुळीत बाजूलाच रंग फासला. नुसता डाग उठला. "बाबा, पान उलटं करा की!" धाकटी म्हणाली. खरेच, शिरा उठावदार असतात त्या खालच्या अंगाला!

१८५५ साली इंग्लंडात निघालेल्या नेच्यांच्या ग्रंथातली चित्रे हेन्री ब्रॅडबरीने छापली, ती शिशाच्या मऊ पत्र्यात खरी पाने दाबून. त्याला नेच्याचा नेचाच हवा होता, आम्हाला वृक्ष. सागाच्या अर्ध्या पानाचा डोंगर केला. शिरांचे ओहोळ झाले. पायथ्याशी नेचा उभा छापला. तेच पान रंग न लावता पुन्हा दाबले, तर छाप फिका आला, अन् झाड आपोआप दूर गेले.

अंगणातला तो साग पुढे रस्त्यासाठी तोडला. डोंगर आमच्या भिंतीवर आहे.